तिसऱ्या रविवारची सूचना

वहीच्या पानावर आधी उन्हाचा चौकोन पडला, आणि त्यामागोमाग मूठभर माती.

“अहो वरचे! माझं १९०३ साल बुजवलंत!” केशर ओरडली.

छपराच्या भोकातून एक चेहरा डोकावला. केसांत जळमटं, दातांत पेन्सिल. “कोण हाय व्हय आत? आम्हास्नी चर्च रिकामं म्हणून सांगितलं.”

“रिकामं नाही. मी आहे.”

“मग कौलं जपून काढाय पाहिजेत,” तो म्हणाला आणि हसला.

ते १९८४ साल होतं. धरणाचं पाणी मोरखोल गावापर्यंत येणार हे ठरलं होतं. लाकडाच्या डेपोवरच्या मजुरांसाठी एका स्कॉटिश पाद्र्यानं शंभर वर्षांपूर्वी बांधलेलं ते प्रेस्बिटेरियन चर्च. ना चित्र, ना मूर्ती. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, सागवानी बाकं आणि अकरा घरांची मंडळी. इमारत तुळईसकट रामनगरला हलवायची, असं पंचांनी ठरवलं. तुळयांवर आकडे घालायला दिग्गी गावचा वासू सुतार आला. बेळगावहून बीएस्सी होऊन आलेल्या केशरला पाळकांनी जुन्या वह्यांवरून मंडळीचा इतिहास लिहायला बसवलं.

तो वर, ती खाली. ती वाचायची, तो ऐकायचा.

“एकोणीसशे तीन. प्लेगमुळे सहा आठवडे उपासना नाही. लग्नं चार.”

“प्लेगात चार? धीराची माणसं. आणि यंदा किती?”

“यंदा...” तिनं पान उगाच उलटलं. “एक.”

“कुणाचं?”

“माझं.”

वरची पेन्सिल थांबली. “अरे वासू,” पलीकडून त्याचा परशूमामा खेकसला, “तुळया मोजतोस का बाईंचे शब्द?”

नवरा मुलगा हुबळीला शिक्षक होता. बाबांनी, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पंचांनी, ठरवलेला. केशर त्याला एकदाच भेटली होती. नाव ठेवायला जागा नव्हती. तिनं शोधून पाहिली होती.

त्या चर्चची रीत अशी, की लग्नाआधी तीन रविवार सूचना वाचायची आणि विचारायचं : कोणाची हरकत आहे का? पहिल्या रविवारी वासू बाहेर पायरीवर बसला होता. सोमवारी त्यानं विचारलं, “हरकत कुणी घेतली तर?”

“तर पाळक थांबतात. चौकशी करतात.”

“आजवर कुणी घेतली?”

“शंभर वर्षांत दोनदा.”

“म्हणजे घेता येती,” तो म्हणाला, आणि रंधा मारत राहिला. त्या दुपारी त्यानं तिच्या बाकाची डुगडुग न सांगता काढून टाकली. दुसऱ्या दिवशी रानातली करवंदं पानात बांधून खिडकीत ठेवली. त्या दिवशी संपूर्ण पान तिनं मुद्दाम मोठ्यानं, सावकाश वाचलं.

तिसरा रविवार हा त्या जागेतला शेवटचा. निम्मं छप्पर उतरलेलं. स्त्रियांच्या बाजूला आभाळच होतं. वासू धुतलेला सदरा घालून दारात उभा राहिला. पाळकांनी सूचना वाचली. “...कोणाची हरकत असेल, तर त्यानं आताच सांगावं.”

केशरनं मान वळवली. तो तिच्याकडेच बघत होता. *बोल,* ती मनात म्हणाली. *एक शब्द बोल—*

बाहेर कावळा ओरडला. पाळकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. स्तोत्र सुरू झालं.

सोमवारी ट्रक भरत होते. बाकं बांधता बांधता वासू तिच्याजवळ आला.

“मला वाटलं, तुम्ही बोलाल,” तो हळूच म्हणाला.

“मी?” तिचा आवाज चिरकला. “मी तुझी वाट बघत होते!”

“मी कसा बोलू? मी तुमच्या मंडळीतला न्हाई. आमच्या देवीच्या कौलात बाहेरच्या गावच्यानं तोंड उघडायचं नसतं. म्हटलं, इथंबी तसंच असंल.”

“नाही रे. ती सूचना सगळ्या गावासाठी असते. दार म्हणूनच उघडं ठेवतात.”

वासू हातातल्या सुतळीकडे बघत राहिला. “आणि नवरीला बोलता येतं?”

“येतं,” केशर म्हणाली.



“आज बोललीस तर?” तो पहिल्यांदाच एकेरीवर आला.

सूचनांची वही तिच्याच हातात होती. ‘हरकत आली नाही’, ते अक्षर तिचंच. दहा पावलांवर बाबा तुळया मोजत होते. चर्च हलतंय म्हणून काल रात्रीपासून जेवले नव्हते. तिनं तोंड उघडलं...

“केशर, शेवटची तुळई आली का बघ गं!” बाबा म्हणाले.

“आली, बाबा,” ती म्हणाली.

वासूनं सुतळीची गाठ पक्की आवळली आणि दुसऱ्या ट्रककडे निघून गेला.

मे महिन्यात रामनगरच्या नव्या चौथऱ्यावर, त्याच तुळयांखाली तिचं लग्न झालं. दर दिवाळीच्या सुट्टीत ती हुबळीहून यायची आणि इतिहास थोडा थोडा पुरा करायची. शेवटच्या उपासनेचं पान तिनं दोन वर्षं कोरं ठेवलं. मग एके सकाळी लिहून टाकलं : ‘उपस्थिती, बासष्ट.’

बाकांवर बसलेली माणसं तेवढीच होती. तिनं तो खोडला, आणि वर नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं : त्रेसष्ट.