न दिसणाऱ्या कामाची जाहिरात

जिन्याच्या कठड्यातून बाहेर आलेला तो खिळा दोन वर्षं तिथंच होता. पण तिची आणि त्याची गाठ पडली ती नेमकी त्याच सकाळी. खांद्यावर पोस्टरांची गुंडाळी, हातात नमुन्यांची पिशवी, आणि दोन तासांनी एका नव्या गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं... ‘टर्र’ असा आवाज झाला आणि तिच्या निळ्या कोटाची बाही कोपराशी बोटभर फाटली.

“झालं! आता याच अवतारात जाऊन सांगते त्यांना, दुकान कसं नीटनेटकं दिसलं पाहिजे म्हणून!” ती स्वतःवरच करवादली.

कारण तिचा धंदाच तो होता. छोट्या दुकानदारांना सल्ला द्यायचा. पाटी कशी असावी, पत्रकात काय छापावं, काचेत काय मांडावं, लोकांच्या तोंडी नाव कसं राहावं. बेकरीवाला, सायकलवाली, चष्मेवाला — त्या रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या तिच्याच हातच्या. नजर इतकी तयार, की वाकडं बसलेलं अक्षर तिला पलीकडच्या फुटपाथवरून खुपायचं. आणि अशा या नजरेला स्वतःच्या जिन्यासमोरचं रफूचं दुकान चार वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं! त्या दिवशी दिसलं, तेही बेकरीवाल्यानं बोट दाखवलं म्हणून.

दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला बाहेर थांबावं लागेल एवढंसं दुकान. खिडकीशी एक स्टूल, स्टुलावर तो. तिशीचा असेल. चष्मा कपाळावर, ओठांत दोरा.

“दोन तास लागतील,” कोट उलटून बघत तो म्हणाला. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“माझ्याकडे दीडच आहे.”

“मग दीड तास गप्प बसा. बोललात तर दोन लागतील.”

आजवर तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे ती बसली की गप्प! त्यानं कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे चार धागे ओढून काढले आणि ते एकेक करून भोकावर विणायला घेतले, एक खालून, एक वरून. ती आधी घड्याळाकडे बघत होती. मग बोटांकडे बघायला लागली. मग — खरं सांगायचं तर — बोटांच्या मालकाकडे.

दीड तासानं कोट हातात आला. तिनं बाही उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

“कुठं होतं?”

“सांगणार नाही,” तो पहिल्यांदा हसला. “तुम्ही शोधा.”

नाही सापडलं. तिला! “इतकं सुंदर काम करता आणि समोर राहून मला ठाऊक नाही? जाहिरात का नाही करत?”

“कशाची करू? माझं काम नीट झालं तर दिसतच नाही.”

“मग गिऱ्हाइकं तरी चार लोकांना सांगत असतील...”

“आपला कोट फाटला होता, हे कोण सांगेल? आता जिथं जाताय तिथं तुम्ही सांगणार आहात?”

तिनं गुपचूप कोट अंगात चढवला.

भिंतीवर एक पत्र टाचलेलं होतं. दूरच्या शहरातल्या मोठ्या शिवणकंपनीचं. रफूच्या विभागाचं प्रमुखपद, हाताखाली सहा माणसं. पाच आठवड्यांत कळवायचं होतं. “बहुतेक हो म्हणेन,” तो म्हणाला. “इथं कुणी येतच नाही, तर सुई कुणासाठी ओवायची?” हे त्यानं इतक्या शांतपणे सांगितलं की तिलाच कसंतरी झालं.

“पाच आठवडे मला द्या,” ती बोलून गेली. “रफू तुमचं, सल्ला माझा. फिट्टंफाट.”

तिच्या ऑफिसात फोन आणि छपाईचं मशीन, दोन्ही आत्या सांभाळायची. सगळा जन्म छापखान्यात गेलेला, त्यामुळे तिच्या नजरेतून स्वल्पविराम सुटत नसे. भाची कुठली सुटणार!

“फुकट सल्ला? तू?” आत्यानं चष्म्यावरून बघितलं. “दिसायला बरा आहे वाटतं.”

“आत्या! मी काम बघितलं त्याचं.”

“काम दिसत नाही म्हणालीस ना आत्ताच? मग दीड तास काय बघत होतीस?”

यावर तिनं फाईल उघडली आणि त्यात तोंड खुपसलं.

मग रोज दुपारी तिचं जाणं सुरू झालं. पाटी बदलली. पायरी रंगवून झाली. तो तिला ‘सल्लागारबाई’ म्हणायला लागला होता, आणि त्या शब्दातली चेष्टा तिला कळत असून आवडायला लागली होती.

“सल्लागारबाई, हा पडदा कुठल्या रंगाचा हवा?”

“तुम्हाला कुठला आवडतो?”

“निळा.”

“का?”

“सध्या आवडायला लागलाय...” तो दोरा ओवत म्हणाला. ती आपल्या निळ्या कोटाची बाही उगीचच ओढत बसली. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. खिडकीच्या उजेडासाठी दोघांना जवळ सरकून बसावं लागत होतं, आणि त्याबद्दल दोघांचीही काही तक्रार नव्हती.

एकच गोष्ट तिला खटकायची. दुकानात टांगलेले सगळे कपडे उलटे. अस्तर बाहेर, कापड आत. “किती भकास दिसतं हे!” असं ती एकदा म्हणालीही. तो नुसता हसला. का ते तिनं विचारलं नाही, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

तिसऱ्या आठवड्यात एकदा तो बटणं आणायला बाहेर गेला होता. खुंटीवर एक कोट होता, खिशाशी रुपयाएवढं जळालेलं भोक पडलेला. तिच्या डोक्यात लख्ख कल्पना चमकली — आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो! तिनं कोट सुलटा केला. मोहरीच्या फुलासारखा पिवळा, मोठ्ठ्या लाकडी बटणांचा झकास कोट. फोटो काढला आणि पुन्हा उलटा टांगून ठेवला. दोन दिवसांनी रफू झाल्यावर त्याच जागेवरून दुसरा काढला. त्याला काही सांगितलं नाही, पत्रक छापून आल्यावर चकित करायचं होतं ना! आत्यानं चारशे पत्रकं छापली आणि बेकरीवाल्यानं प्रत्येक पावाबरोबर एक वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती ऐटीत उरलेला गठ्ठा घेऊन दुकानाशी आली, तर आतून आवाज.

“माझा कोट आहे हा! सगळ्या गावात असली बटणं दुसऱ्या कुणाकडे आहेत?” शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. हातातलं पत्रक त्या त्याच्यापुढे नाचवत होत्या. “आज चौथीतल्या एकानं भर वर्गात विचारलं मला, ‘बाई, तुम्ही सिगारेट ओढता का?’ वीस वर्षं तुमच्याकडे येतेय, आधी तुमचे वडील, मग तुम्ही. या दुकानातून गोष्ट बाहेर जात नाही म्हणून!”

उलटे कपडे का असतात, ते तिला त्या क्षणी कळलं. कुणाचं काय फाटलंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळखू येऊ नये म्हणून.

“चूक माझी आहे बाई,” तो उभा राहून म्हणाला. “कोट माझ्या ताब्यात होता. माफ करा.”

दारात ती उभी आहे हे त्याला दिसत होतं. त्यानं तिच्याकडे नजरसुद्धा वळवली नाही. मुख्याध्यापिका तिच्या अंगावरून तरातरा निघून गेल्या.

“माझं नाव का नाही सांगितलंत?” तिचा आवाज रडवेला झाला होता.

त्यानं सुई टाचणीच्या उशीत खुपसली. रागावला होता, हे दिसत होतं. मग हळूच म्हणाला, “गिऱ्हाइकाचं फाटलेलं मी कधी कुणाला दाखवत नाही. मग तुमचं कसं दाखवू?”

आता सांगा, असं बोलणाऱ्या माणसापुढे कुणाचा काय पाड लागणार? ती घरी आली आणि आत्याबरोबर जेवता जेवता एकदम थांबली. “आत्या, मी अडकले गं त्याच्यात,” एवढंच म्हणाली. आत्यानं कधी नव्हे ते चेष्टा न करता पाण्याचा पेला पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी ती थेट शाळेत गेली आणि मुख्याध्यापिकांसमोर उभी राहून म्हणाली, “फोटो मी काढला. न विचारता. त्यांना माहीतही नव्हतं.”

बाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं. “मला वाटलंच. तो असलं करणाऱ्यातला नाही. चल माझ्याबरोबर.” आणि तिला नेऊन चौथीच्या वर्गात उभं केलं! चाळीस पोरांसमोर तिला सांगावं लागलं, की बाई सिगारेट ओढत नाहीत, ते भोक इस्त्रीनं पडलं होतं, आणि विचारल्याशिवाय कुणाच्या वस्तूचा फोटो काढू नये. तिचे कान लालबुंद झाले होते. पोरं मात्र शाणी. एकीनं हात वर केला, “पण ताई, भोक गेलं कुठं?”

परत येताना तिच्या डोक्यात तोच प्रश्न घोळत होता. भोक जाताना दाखवायचं! मधेच थांबवून! पण कुणाच्या कोटावर? उत्तर तिच्या अंगावरच होतं.

“हे काय केलंत?” त्यानं कोट हातात घेऊन विचारलं. पाठीवर मधोमध तळहाताएवढं भोक.

“फाडलं. कात्रीनं. तुम्ही निम्मंच रफू करायचं आणि काचेत टांगायचं. निम्मं भोक, निम्मं काहीच नाही. माझा कोट आहे, खाली माझं नाव लिहा. माझं फाटलेलं बघू दे सगळ्यांना, माझी हरकत नाही.”

“अर्धवट काम या दुकानातून कधी बाहेर गेलेलं नाही.”

“बाहेर कुठं जातंय? काचेतच राहील.”

तो बघतच राहिला. मग हसू दाबत म्हणाला, “पण इतकं गोल भोक कधी पडतं का, सल्लागारबाई? कुणाचा विश्वास बसणार नाही.”

“मग द्या इकडे, जिन्यावरच्या खिळ्यावर ओढून आणते!”

त्यावर दोघं असे खदखदून हसले, की पत्रकाचं सगळं मळभ कुठल्या कुठं गेलं.

कोट काचेत लागला. आधी चौथीतली पोरं नाकं चिकटवून उभी राहिली, मग त्यांच्या आया. लोक काचेवर बोट ठेवून, भोक संपतं कुठं, ते शोधायचे आणि हळूच पिशवीतून काहीतरी काढत आत शिरायचे. एक स्वेटर, एक पँट, कुणाच्या आजोबांची शाल... सगळं उलटं टांगलेलं. मुख्याध्यापिकासुद्धा एक स्कर्ट घेऊन आल्या आणि तिच्याकडे बघून, “कॅमेरा कुठंय?” म्हणाल्या. तिनं दोन्ही हात वर करून दाखवले.

पण पाच आठवडे संपायचे ते संपलेच. शेवटच्या दुपारी त्यानं भिंतीवरचं पत्र काढून मांडीवर घेतलं.

“आज उत्तर टाकायला हवं. कपडे येतायत आता, पण पुढं येतील का? तिकडं सगळं पक्कं आहे. मोठ्या खिडक्या आहेत, चांगली माणसं आहेत.” त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे नीट बघितलं. “तुम्ही सांगा. जाऊ... की राहू?”

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. सकाळपासून ती कागद घेऊन बसली होती. ‘जा’ या बाजूला जे जे लिहावं ते ते खोडत होती. आणि खोडलेलं सगळं खरं होतं, हेच तर दुखणं होतं. सल्लागार म्हणून तिनं दुसऱ्या कुणालाही डोळे झाकून सांगितलं असतं, जा म्हणून.

“मी तुमचं काम सोडतेय,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “का? त्या पत्रकाचं अजून मनात आहे?”

“नाही.”

“मग माझं काही चुकलं?”

“नाही हो...” तिनं मान हलवली. “सल्ला देणाऱ्यानं समोरच्याच्या भल्याचं सांगायचं असतं. आजवर मी तेच केलं. पण तुमच्या बाबतीत मला — माझ्याच भल्याचं सुचतंय. जा म्हणायला तोंडच उघडत नाही. अशा माणसाचा सल्ला तुम्ही घेऊ नये. दुसरं कुणीतरी बघा. मी... मी नाव सुचवते.”

इतकं बोलून ती खाली बघायला लागली.

“नाव नका सुचवू,” तो म्हणाला. “सल्ला राहू दे. तुम्हाला काय हवंय, ते सांगा.”

“राहा.” आणि मग अगदी हळू, “माझ्यासाठी राहा.”

तो उठला. कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढून त्यानं आपल्या स्टुलाला लावलं, तिला बसवलं आणि मांडीवर कोरा कागद घेतला. त्याचे कान लाल झाले होते.

“नकाराचं पत्र मला लिहिता येत नाही. मदत कराल?”

“काम सोडलंय मी.”

“कामाचं नाही म्हणत. शेजारी बसून सांगा नुसतं.”

“सुरुवातीलाच कारण द्यायचं,” तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. “घोळ घालायचा नाही. लोक पहिलीच ओळ वाचतात.”

“कारण काय लिहू?”

“खरं असेल ते.”

त्यानं बराच वेळ विचार केला. मग आपल्या बारीक, सरळ अक्षरात एक ओळ लिहिली आणि कागद तिच्याकडे फिरवला.

‘आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे, पण इथं एकजणीनं मला राहा म्हटलं आहे, आणि माझीही तीच इच्छा होती.’

तिनं ती ओळ दोनदा वाचली. लोकांची वाक्यं कापत-छाटत पोट भरणारी ती, हातात पेन्सिल असून तिनं त्यातला एकही शब्द बदलला नाही.