शेजारची माती

पेणच्या एका गणपती कारखान्यात माझी बायको पद्मजा मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. मी रोह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. म्हणजे घरात कामाचं माणूस एकच.

मूर्ती डाव्या छातीशी टेकवून ती आखायची. त्याच छातीतली कर्करोगाची गाठ फाल्गुनात काढली. सर्जन म्हणाले, "कडा स्वच्छ आहेत. आत काही उरलेलं नाही." मी पेढे आणले. भाची इशिता याच विषयात संशोधन करते. तिने पेढा संपवला आणि मग तोंड उघडलं.

"मामा, गाठीशेजारच्या पेशी दिसायला चांगल्या असतात. पण कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, हे ठरवणाऱ्या खुणा त्यांच्यावरही बदललेल्या सापडतात. थेट गाठीसारख्या."

"वाईट शेजार?"

"की शेजार आधी बदलला आणि मग गाठ झाली? तेच तर शोधतोय."

"म्हणजे परत येईल?" पद्मजाने विचारलं.

"तसं नाही गं मामी. लक्ष ठेवायचं."

पुढच्याच आठवड्यात कारखान्याच्या पुंडलिकशेठनी मला मागच्या फळीपाशी नेलं. पद्मजाने दिवाळीपासून आखलेल्या शाडूच्या मूर्ती. प्रत्येकीच्या डाव्या छातीवर वाटाण्याएवढा उंचवटा.

"साचा बिघडला असेल."

"साचा चांगला हाय, सर. त्यातल्याच बाकीच्या बघा, नाय कुठं काय. ह्या घासल्या तरी परत वर येतंय."

पद्मजाच्या हाताला गाठ लागली होती संक्रांतीला. दिवाळीनंतर.

मी दमट हवेवर छोटंसं व्याख्यान दिलं. "व्हय व्हय," शेठ म्हणाले, अगदी माझ्या विद्यार्थ्यांच्या सुरात.

मे महिन्यात ती कामावर परतली. डाव्या हाताला भार पेलवेना, म्हणून सुट्टीभर मी मूर्ती धरू लागलो. उजव्या छातीशी टेकवून. ती समोर बसून आखायची.

"हलू नका हो. वर्गात आहात का?"

एका दुपारी तिने कुंचला खाली ठेवला. "मागच्या फळीवरचं मलाही माहीत आहे. या नव्या मूर्ती तेवढ्या बघून या. मला धीर होत नाही."

मी एकेका मूर्तीच्या डाव्या छातीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. सगळ्या.

"काही नाही," मी ओरडलो.

ती हसली. कित्येक महिन्यांनी हसली. पदराने डोळे पुसून तिने कुंचला उचलला.

मी पुढची मूर्ती उजव्या छातीशी घेतली.

अंगठा मूर्तीच्या उजव्या छातीवर टेकला.

आखून झालेल्या मूर्तींवर तिथे मी बोट फिरवलंच नव्हतं.

"हलू नका," पद्मजा म्हणाली.

मी हललो नाही.