चोपन्न मिनिटांचा बॅकअप

यूपीएसला कॉम्प्युटरची केबल जोडायची म्हणजे दहा मिनिटांचं काम. असं मी गिऱ्हाइकांना सांगते आणि मग चार-चार तास त्यांच्या टेबलाखाली उकिडवी बसते.

त्या दिवशी मंगलाबाईंच्या टेबलाखाली बसले होते. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत दुसरा मजला, जानेवारीतली दुपार. त्यांचे यजमान देवराम, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, प्रेसमधून निवृत्त झालेले. फुप्फुसं पार थकलेली, त्यामुळे नाकात सतत ऑक्सिजनची नळी. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन पलंगाशेजारी घरघरत असायचं आणि ते यूपीएसवर चालायचं. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेले. दिवसाआड कुठेतरी केबल तुटायची आणि लाईट जायची.

मुलगा सुनील कॅनडात, टोरंटोजवळ. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की लाईट गेली तर यूपीएस अजून किती मिनिटं टिकेल याचा मेसेज त्याच्या मोबाईलवर यावा. म्हणजे तो तिकडून शेजाऱ्यांना उठवेल, सिलिंडर मागवेल. अण्णांचा जीव त्या मिनिटांवर होता. मागणी रास्त होती, म्हणून तर मी नाही म्हणू शकले नाही.

पण यूपीएस पंधरा वर्षांचा, मागे नऊ पिनांचं जुनं सिरीयल पोर्ट. सुनीलने ऑनलाइन मागवलेली केबल साधी. या जातीच्या यूपीएसला साधी केबल लावली, की तो त्याला बंद होण्याचा हुकूम समजतो आणि त्या क्षणी सगळं बंद करून टाकतो. अण्णांचं मशीनसुद्धा.

"फोटोत तर सेम दिसत होती," सुनील फोनवर म्हणाला.

फोटोत! मी द्वारका चौकातल्या माझ्या दुकानात परत गेले, पाहिजे त्या पिना जोडून स्वतः केबल सोल्डर केली आणि सगळ्या सिग्नलना शिव्या घालत परत आले. तोवर साडेतीन वाजले होते.

केबल बसली. सॉफ्टवेअर उघडलं. मेसेजसाठी सुनीलचा नंबर भरल्यावर सॉफ्टवेअरने यूपीएसचं नाव विचारलं.

"सुनीलचं टाका," मंगलाबाई म्हणाल्या. लाईटबिल, गॅस, वॉशिंग मशीनची वॉरंटी, या घरातलं सगळं सुनीलच्या नावावर. "तिकडे गेला म्हणून काय झालं ताई, घर त्याचंच आहे ना."

वाद घालण्याइतका जीव माझ्यात उरला नव्हता. टाकलं.

स्क्रीनवर आकडे आले. लाईट चालू, बॅटरी पूर्ण, बॅकअप चोपन्न मिनिटं. यूपीएसच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावरही चोपन्नच. एकदाचं झालं. मंगलाबाईंनी चहा आणला.

चहा संपेपर्यंत स्क्रीनवर एक्कावन्न झाले होते.

माझं डोकं फिरलं. लाईट चालू असताना मिनिटं कमी होत नसतात. नळ बंद असताना टाकी रिकामी व्हावी, तसं ते होतं. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केलं. सत्तेचाळीस. यूपीएसच्या पडद्यावर चोपन्न, जसेच्या तसे. बिघाड सॉफ्टवेअरमध्ये, मी ठरवलं, आणि केबल उपसली. केबल काढल्यावर आकडे थांबायलाच हवेत.

चव्वेचाळीस.

"मेलं माझ्याच नशिबी येतं हे सगळं," मी मोठ्यांदा म्हणाले आणि कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून ओढला. स्क्रीन काळी झाली. अण्णांच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरवर चौऱ्याण्णव होतं. त्यांचं मशीन नीट चालत होतं. मी घाम पुसला.

तेवढ्यात मंगलाबाईंचा मोबाईल वाजला. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकून तो टीपॉयवर ठेवला.

"आई, लाईट गेली का? एकोणचाळीस मिनिटं दाखवतंय."

"नाही रे. आहे लाईट."

"मग हे मेसेज कसले? हे बघ, अडतीस आलं."

"कॉम्प्युटर बंद आहे," मी म्हणाले.

"मॅडम, तुम्ही सेटिंगमध्ये काहीतरी घोळ घातलाय."

मी! तळपायाची आग मस्तकात गेली. चांगले चार शब्द सुनावणार होते, पण माझ्या एका हातात कॉम्प्युटरचा प्लग होता आणि दुसऱ्या हातात केबल.

मंगलाबाईंचा चेहरा उतरला. "अँब्युलन्स बोलवू का?" त्यांनी शेजारच्या सविताताईंना हाक मारली. सविताताईंनी त्यांच्या फोनवरून दोन ठिकाणी विचारलं. रस्ता खोदलेला, तासभर तरी लागेल म्हणाले. मी मशीनचा फिल्टर पाहिला, नळी पाहिली, यूपीएसच्या बॅटऱ्या मीटरने मोजल्या. सगळं ठणठणीत. कुठे बोट ठेवायला जागा नाही, याचाच संताप येत होता. सुनील दर मिनिटाला आकडा वाचत होता आणि आम्ही तिघी अण्णांच्या छातीकडे बघत होतो.

"एकवीस," सुनील म्हणाला.

अण्णा इतका वेळ डोळे मिटून पडले होते. त्यांचं सगळं आयुष्य प्रेसमध्ये छापलेले कागद तपासण्यात गेलेलं. "नुसता आकडा नको सांगू," ते म्हणाले. "मेसेज पुरा वाच."

"सुनील. एकवीस मिनिटे शिल्लक."

"माझं नाव हाय का त्यात?"

आम्ही तिघींनी फोनकडे पाहिलं.

"नाय ना? मंग माझ्याकडं काय बघत बसले सगळे?"

"मीच सांगितलं ते नाव," मंगलाबाई म्हणाल्या.

"टाकलं मी. मी काढते." हा शुद्ध वेडेपणा आहे हे मला कळत होतं. तरी मी टेबलाखाली शिरले. प्लग लावला, कॉम्प्युटर चालू केला. ते खटारं पाच मिनिटं नुसतं गोल चाक फिरवत बसलं. मी टेबलावर बुक्की मारली. शेवटी सॉफ्टवेअर उघडलं. 'सुनील' खोडून 'यूपीएस एक' लिहिलं, सेव्ह केलं, पुन्हा तपासलं.

"आता काय आलं?"

"सुनील. तेरा मिनिटे शिल्लक."

"तू आत्ता कुठे आहेस?" मी विचारलं.

"गाडीत. हायवेवर. शिफ्टला चाललोय. का?"

तिकडे तेव्हा पहाटेचे सहाही वाजले नव्हते. अंधार, बर्फ आणि हायवे.

अण्णा कोपरावर उठले. नाकातली नळी त्यांनीच ओढून काढली. "गाडी बाजूला घे!"

"अण्णा, अहो ते सॉफ्टवेअर गंडलंय. मला उशीर होतोय."

"लय शाना हाय तू. बाजूला घे म्हनलं ना!"

"इथे थांबता येत नाही, दंड होतो."

"मी भरीन तुझा दंड!" अण्णांना दम लागला. ऑक्सिमीटर अठ्ठ्याऐंशीवर आलं. मंगलाबाई एका हाताने त्यांना नळी लावत होत्या आणि फोनकडे तोंड करून रडत होत्या. "ऐक रे बाबा. एकदा ऐक."

पाच मिनिटं हीच हुज्जत चालली. मी आयुष्यात इतकी कोणावर चिडले नसेन, जितकी त्या न पाहिलेल्या माणसावर चिडले.

"बरं. घेतली," तो शेवटी म्हणाला. "कडेला आहे. इंडिकेटर लावलाय. झालं समाधान?"

स्पीकरमधून इंडिकेटरची टिकटिक येऊ लागली.

"चार."

खाली रस्त्यावर जेसीबी दगड ओढत होता.

"तीन."

सविताताईंनी देवघराकडे बघून हात जोडले.

"दोन."

"एक."

टिकटिक.

भिंतीवरच्या घड्याळात चार एकतीस झाले.

"शून्य," सुनील म्हणाला. टिकटिक. "बघा. काही नाही. मी इथेच आहे."

मंगलाबाईंना रडता रडता हसू फुटलं. सविताताई त्यांच्या घरी गेल्या. अण्णा उशीवर टेकले. ऑक्सिमीटर ब्याण्णववर आलं. मी फरशीवरच बसले. मला इतकं हायसं वाटलं होतं, की आता कोणाच्या तरी एक ठेवून द्यावीशी वाटत होती.

"मफलर घातलास का रे?" मंगलाबाई विचारत होत्या.

"हो आई."

"काल गुळपोळ्या केल्या. तुझी आठवण आली."

"हो आई."

मी पक्कड, मीटर, सोल्डर गोळा केलं. मला पुन्हा यायला लागलं तर आधी कॉम्प्युटर बदला, हे सांगायचं ठरवलं. पिशवी उचलली तशी टीपॉयवरच्या मोबाईलवर नजर गेली. कॉलचा हिरवा पट्टा दिसत नव्हता. चुकून बोट लागून बंद होईल म्हणून मी तो अलगद हातात घेतला.

कॉल संपलेला होता. खाली तो तुटल्याची वेळ होती, चार एकतीस.

भिंतीवर पावणेपाच वाजत होते.

"पोचलास की फोन कर हं," मंगलाबाई माझ्या हाताकडे वाकून म्हणाल्या.

टिकटिक.

"हो आई."