साठ दिवसांचं कुलूप

देवबागात आमच्या बाजूला मोबाईलला धड रेंज येते ती आमच्या पालथ्या होडीवर बसलं की, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्या होडीला सकाळीच डांबर फासलंय, हे मात्र सांगितलं नव्हतं. मांडीवर लॅपटॉप घेऊन तो खुशाल बसला होता.

"उठू नका," मी म्हणाले.

"का?"

"उठलात तर पँट होडीवर राहील."

त्याने खाली पाहिलं, मग माझ्याकडे... कान लाल झाले. "मग आता?"

"आता बसा. बाबांची लुंगी आणते."

त्याचं नाव अनिश. मालवणच्या बाजारपेठेत वेबसाइट बनवून देण्याचं त्याचं दुकान होतं. लुंगी सावरत मी केलेली तांदळाची चार घावणी संपवल्यावर त्याने नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलं, "तुमच्या घराची साइट नाही?"

नव्हती ना! पर्यटकांना द्यायला आमच्या तीन खोल्या. पाहुणे यायचे एका मोठ्या ॲपवरून, आणि त्यावर आमचं नाव काय, तर 'खाडीलगत खोल्या, क्रमांक सात'. माझ्या हातचं माशाचं तिखलं खाऊन बोटं चाटत गेलेल्या माणसांना पुढच्या वर्षी आम्ही शोधून सापडत नव्हतो. मला आमचं स्वतःचं नाव हवं होतं. टाइप केलं की माणूस थेट माझ्या स्वयंपाकघरात यायला हवा.

"मग डोमेन आजच घेऊ," अनिश दुकानातल्या शुद्ध मराठीत म्हणाला. "इंटरनेटवरचं नाव म्हणजे नाक्यावरची जागा. आज रिकामी दिसते, उद्या तिथे कुणीतरी गाडी लावतो."

बाबा म्हणाले, "देवाक इचारल्याबिगर नाव? ह्यां माझ्याच्यान जमाचा नाय."

झालं. सोमवारी कौल लावायचा ठरलं. बाबांनी तीन नावं काढली आणि ती अनिशलाही ऐकवली.

सोमवारी गुरवाने देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. 'देवबाग पॅलेस' म्हणताच डावी पडली. 'लवूचं घर', पुन्हा डावी. स्वतःचंच नाव देवाने नाकारल्यावर लवू, म्हणजे माझे बाबा, जरा खट्टू झाले. 'सुगंधाचं घर' म्हटल्यावर पाकळी कितीतरी वेळ हललीच नाही... आणि मग उजवी पडली. मी सुगंधा. हात जोडताना माझे डोळे भरून आले.

नाव शिल्लक आहे का बघायला बाबांनी देवळाच्या पायरीवरच ते माझ्या मोबाईलमध्ये टाकलं. पान उघडलं. पानावर अनिशचा फोटो. केस चापून बसवलेले, हाताची घडी, खाली लिहिलेलं – 'लवकरच भेटू'.

बाबांनी फोटो बघितला, मग देवाकडे बघितलं. "गुरवानू, आमी नाव इचारलेला. देवान जावयाचो फोटो पण धाडल्यान."

गुरव हसता हसता खांबाला टेकला. माझं मात्र डोकं फिरलं. मी तिथूनच फोन लावला, "आमचं नाव चोरलंत?"

"चोरलं नाही हो, राखलं. तिन्ही घेऊन ठेवली. मी नाव घेतलं की माझं पान आपोआप लागतं..."

"देवबाग पॅलेससुद्धा?"

"देवाचं काय सांगावं?"

"बरं. मग आज माझ्या नावावर करा."

"ते... साठ दिवस होत नाही. नवं नाव साठ दिवस कुलपात असतं. नियमच आहे."

मग दर सोमवारी तो 'साइटच्या कामाला' येऊ लागला. बटण निळं केलं, हिरवं केलं, पुन्हा निळं केलं. एकाच बांगड्याचे पाच बाजूंनी फोटो काढले.

"हा बांगडा हसत नाही," तो म्हणायचा.

"तळल्यावर कोण हसतं?"

"मालकिणीबद्दल काय लिहू?"

"लिहा, तापट आहे."

"तापट... आणि डोळे?"

"डोळ्यांचं भाडं लावत नाही आम्ही."

अहोजाहो कधी गळून पडलं कळलंच नाही. चौथ्या सोमवारी तर मी सकाळपासून त्याच्या स्कूटरच्या आवाजाकडे कान लावून बसले होते, आणि घावणी करपली म्हणून तव्याला शिव्या देत होते.

सीझन तोंडावर आला तशी माझी घाई वाढली. नाव लवकर मिळेल का विचारायला मी स्वतःच त्या डोमेन कंपनीला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, साठ दिवस दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं असेल तर. आमच्याकडेच खातं बदलायला पाच मिनिटं लागतात."

पाच मिनिटं! माझ्या घराचं नाव मी ज्याच्या भरवशावर सोडलं, तो माणूस मला थाप मारत होता. मी तडक मालवण गाठलं आणि त्याच्या दुकानाचा जिना चढले.

"पाच मिनिटं," दुकानात शिरताच मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. शुद्ध मराठी कुठच्या कुठे गेली. "माका म्हायत होता, सुगंधा."

"मग?"

"नाव तुझ्या नावार झाला असता... मगे सोमवारी मी काय सांगान येतलंय?"

मला रडू फुटायला आलं, आणि त्याचाच जास्त राग आला. "माझं घर आहे ते, अनिश. खेळणं नाही."

त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला, माझा ईमेल टाकला, मोबाईलवर आलेला आकडा विचारला. पडद्यावर उमटलं – मालक : सुगंधा. "चुकलंय," तो म्हणाला. "आता येवचंय नाय."

मी जिना उतरले. हवं ते मिळालं होतं. पण मासळीबाजारापाशी पोचेपर्यंत येणारा सोमवार डोळ्यांसमोर उभा राहिला. स्कूटर नाही, बांगड्याचे फोटो नाहीत, बटण हिरवं की निळं म्हणून भांडायला कुणी नाही. ते मला सोसणार नव्हतं. मी उलट फिरले.

तो डोकं धरून तसाच बसला होता.

"येवक तुका कारण कित्याक लागता?" मी म्हणाले. "माका तू आवडतंस. बस झाला?"

बटणाच्या रंगावर तासभर बोलणारा माणूस नुसता माउस इकडून तिकडे फिरवत राहिला.

"बोल रे."

"माकाय तू... पण मी खोटा बोललंय मां?"

"बोललंस. ता मी तुका जल्मभर ऐकवतलंय."

"जल्मभर?" तो रडवेला हसला.

मी बोलून तर बसले होते. आता मागे घ्यायचं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "रोज."