परळीच्या मशीनमधली दुसरी डिस्क

पटो न पटो, मी समोर होतो. १९९४. परळी, स्टेशन रोड. रविवारची भरदुपार.

मी ज्यांच्या दुकानात मशीनी बघायचो, त्या राधाकिशनशेठनं मतदार याद्या टाइप करायचं काम घेतलं होतं. कॉम्प्युटर तीन. याद्या डी, म्हणजे मशीनमधल्या दुसऱ्या डिस्कवर ठेवायच्या, असं मी एका मशीनवर लावलं अन् तेच फ्लॉपीनं तिन्हीकडं चिकटवलं.

तिसऱ्या मशीनला डी नव्हतीच! त्यात एकच डिस्क. पेटी उघडून बघायचा माझा आळस, दुसरं काय!

त्यावर धर्मापुरीची सत्यशीला बसायची. वडील अंथरुणावर, घर तिच्या पगारावर.

नसलेली डिस्क सांगितली की मशीन लगेच ओरडतं. हे आठ दिवस ओरडलंच नाही, म्हणून त्या रविवारपर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नाही...

शेठ म्हणाले, "उद्या याद्या द्यायच्या. हिचं काम गेलं तर हिला घरी बसवीन."

आम्ही दोघांनी पेटी उघडली. डिस्क एकच. दुसरी वायर नुसती लोंबकळत होती.

"मग आठ दिवस जातंय कुठं, वीरेशदादा?"

मी मशीनला डी उघडायला सांगितली.

उघडली...

सात गावांच्या सात याद्या. अन् पेटीतल्या रिकाम्या जागेतून डिस्कची कुरकुर येत होती.

तरी सगळं फ्लॉपीवर घेतलं. सत्यशीला रडता रडता हसली.

मग तिनं धर्मापुरीची यादी तपासली. तिच्या घरातली तिघंच होती. तिचं नाव नाही.

"म्या टाइप केलतं! देवाशप्पथ!"

परत डी बघितली. आता तिथं आठवी यादी होती. आत एकच नाव...

तिचं.

तीनदा फ्लॉपीवर घ्यायला गेलो. येईना. चौथ्यांदा मशीन म्हणालं, अशी डिस्कच नाही.

कुरकुर मात्र चालूच होती...

"कावून असं, दादा?"

"काय नाही गं, मशीन जुनं हाय. फ्लॉपीवरच्या यादीत परत टाइप कर नाव."

तिनं केलं. सोमवारी याद्या गेल्या. शेठ खूश. नोकरी वाचली.

मंगळवारी तिला ताप भरला. शुक्रवारी गेली.

महिन्यानं तिची आई केसरबाई दुकानात आली. छापील यादी मागितली. वाचता येत नव्हतं, म्हणून मीच बोट ठेवून नाव दाखवलं.

तिनं नावावरून हात फिरवला.

"लई जपलं तुमी माझ्या लेकीला," म्हणाली.

मी मान खाली घातली. चूक माझी होती, नसलेली डी तिच्या मशीनला मीच लावली होती, हे तिला अजून सांगितलेलं नाही.