गिऱ्ह्याचा बारावा अंक

कातळवाडी धरणाचे दरवाजे भोंगा न वाजवता उघडल्याबद्दल चौकशी आयोगाने एका गिऱ्ह्याला दोषी ठरवलं. गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत. पण ते जाऊ दे. असं काही झालंच नाही असं धरून सुरुवात करू. या गोष्टीतली बहुतेक माणसं तेच करतात.

भयशमन प्रयोगशाळेत डॉ. ऋजुता पाळंदे एका चित्रकाराला मेंदू समजावून सांगत होत्या. चित्रकार म्हणजे हर्षल गवांदे. त्याच्या ‘गिऱ्हा’ या कॉमिकमालिकेचे अकरा अंक निघाले होते. प्रत्येक अंकात गिऱ्हा कुणाचा तरी पाय धरून त्याला पाण्यात ओढायचा, आणि अगदी नको तिथे ‘क्रमशः’ यायचं. तालुक्यातल्या पोरांना मालिकेचं वेड होतं.

“आठवण काढली की ती ओली होते,” डॉक्टर म्हणाल्या. “मेंदू ती परत ठेवताना नव्याने लिहितो. वाळायला काही तास लागतात. तेवढ्यात तिला जे टेकेल त्याचा ठसा उमटतो. आपण पेशंटला पुराची आठवण काढायला लावायची आणि ती ओली असतानाच तुझा अंक हातात द्यायचा. भीती पुरावरून उठते आणि गिऱ्ह्यावर जाऊन बसते. याला आम्ही भयांतरण म्हणतो.”

“आणि पुराला जबाबदार असलेला माणूस?”

“त्याच्या जागी गिऱ्हा आठवतो.”

“म्हणजे तो सुटला.”

“पेशंट झोपला,” डॉक्टर म्हणाल्या. “मी झोपेची डॉक्टर आहे, हर्षल. आणि एक लक्षात ठेव, आठवण शेवटच्या चौकटीवर वाळते. म्हणून ‘क्रमशः’ चालणार नाही. बाराव्या अंकाचा शेवट गोड कर.”

“भुताच्या कॉमिकचा?”

“बुडालेले परत येतात, असं काहीतरी.”

“माझी इभ्रत जाईल, मॅडम. आई आधीच बँकेच्या परीक्षेचे फॉर्म आणून ठेवते.”

पण त्याने काढलं. बाराव्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत गिऱ्हा सगळ्यांचे पाय सोडतो, आणि माणसं निथळत, हसत पाण्याबाहेर येतात. चित्र इतकं सुंदर झालं की हर्षलला स्वतःचीच लाज वाटली.

उपचार लागू पडले. पुरातून वाचलेली माणसं घोरू लागली. धरणावरचे अभियंते कुरणे यांनाही महिनाभर झोप नव्हती. तेही आले, अंक वाचला आणि घोरू लागले. एकच लहानसा दुष्परिणाम दिसला. ज्यांच्या घरचं कुणी वाहून गेलं होतं, ती माणसं संध्याकाळी टॉवेल घेऊन धरणाच्या काठावर बसू लागली.

“थांबवायचं का?” हर्षलने विचारलं.

“कुणाला? सगळे मजेत आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. पण त्या रजिस्टरकडे बघत म्हणाल्या, त्याच्याकडे नाही.

उपचाराला नकार देणारी एकच होती. वैजयंता ठोंबरे. तिची धरणाशेजारी चहाची टपरी होती.

“मी नियंत्रण खोलीत चहा घेऊन गेले होते,” तिने पहिल्याच भेटीत सांगितलं. “कुरणे साहेब फोनवर बोलत होते. म्हणाले, भोंगा नको, पाहुण्यांचं भाषण चाललंय, माइकमध्ये आवाज येईल. आणि दरवाजे उघडले. माझी स्वरांगी खाली नदीवर कपबश्या विसळत होती.”

डॉक्टरांनी पुढे केलेला उपचाराचा फॉर्म तिने परत सरकवला.

“हे ऐकलेली मी एकटीच. मी झोपले तर सांगणार कोण?”

“आधी आयोगापुढे सांगा, ताई,” डॉक्टर म्हणाल्या. “मग वाचा.”

“कधीचं सांगते म्हणतेय, तारीख पुढे ढकलतायत.” मग तिने हर्षलकडे पाहिलं. “ते गिऱ्ह्याचं चित्र काढणारे तुम्हीच ना? अकरावा अंक तिच्या गादीखाली आहे. त्यातल्या पोरीचा पाय धरलाय गिऱ्ह्याने. पुढं काय होतं ओ? रोज डोकं खायची माझं, बारावा आला का, बारावा आला का.”

हर्षलने तोंड उघडलं. डॉक्टरांनी डोळे वटारले.

“साक्षीनंतर मीच आणून देतो,” तो म्हणाला.

अखेर तारीख लागली. सकाळी वकिलाने वैजयंताकडून साक्ष पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली. कुठे उभ्या होतात, ट्रे कुठल्या हातात होता, साहेब नेमकं काय म्हणाले. काम चोख होतं. त्या आठवणीचा कोपरान् कोपरा ओला झाला.

पहिली साक्ष कुरणेंची होती. त्यांच्या डोक्यावर सत्यमापक चढवला. गिऱ्ह्याच्या खवल्यांच्या हाताने भोंग्याची तार कशी आवळली, हे सांगताना त्यांना रडू आलं. काटा जागचा हलला नाही. ते खरंच बोलत होते.

मग आयोग जेवायला उठला.

बाहेरच्या दालनात बाकी साक्षीदार बसले होते. सगळ्यांच्या हातात बारावा अंक. मधल्या काळात तो बाजारातही आला होता.

“वाच गं वैजू,” शेजारची म्हणाली. “शेवट फार छान आहे.”

“मला नको. मला सांगायचंय अजून.”

“अगं, कॉमिकच तर आहे. तुझी पोरगी किती वाट बघायची त्याची.”

वैजयंताने अंक घेतला. फक्त त्या मुलीच्या पायाचं काय झालं, तेवढंच बघायचं होतं. स्वरांगीला सांगता आलं असतं.

डॉक्टर धावत आल्या तेव्हा तिने शेवटचं पान मिटलं होतं.

“वैजूताई, किती वाचलंत?”

“सगळं,” ती म्हणाली. “सोडलं ओ त्याने तिला.” आणि तिने जांभई दिली. पुरानंतरची तिची पहिली जांभई. डॉक्टरांना व्यवसायाने अशा जांभईचा आनंद व्हायला हवा होता.

आत तिने शांतपणे सांगितलं की नियंत्रण खोलीत गिऱ्हा बसला होता आणि त्याने चहा घेतला नाही. काटा हलला नाही. डॉक्टर उठल्या, तिने आधी काय सांगितलं होतं ते सांगू लागल्या. “तुम्ही तिथे होतात?” अध्यक्षांनी विचारलं. नव्हत्या. “मग ते ऐकीव झालं. बसा.” पुढचा निकाल झालाच नाही असं आपलं आधीच ठरलं आहे.

कुरणेंना बढती मिळाली. त्यामुळे पुढच्या आठवड्यात आलेला अर्ज त्यांच्याच टेबलावर पोचला. अक्षर सुरेख होतं, झोप झालेल्या माणसाचं.

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता, कातळवाडी धरण.

विषय : मुलीस पाण्याबाहेर येऊ देणेबाबत.

महोदय,
वरील विषयी अर्ज करते की, माझी मुलगी कु. स्वरांगी ठोंबरे, इयत्ता नववी, हिला गिऱ्ह्याने सोडलेले असून ती अद्याप वर आलेली नाही. दरवाजे बंद असल्याने तिला वाट मिळत नसावी. तरी सर्व दरवाजे थोडा वेळ उघडावेत. ती जिथे कपबश्या विसळत होती तिथेच मी टॉवेल घेऊन उभी राहीन. बारावा अंकही सोबत आणीन.

दरवाजे उघडताना कृपया भोंगा वाजवू नये. ती दचकते.

कळावे, ही नम्र विनंती.