धुकं पिणारा कॉम्प्युटर

"गेला! परत गेला!" अनिश काचघराच्या दारातूनच ओरडला. "काका, कॉम्प्युटर इज डेड!"

अपूर्वा दचकली. ती पालथ्या बादलीवर बसून काचेतून बाहेर बघत होती. मार्चची सुट्टी लागली तरी ग्वेल्फ गावातल्या हिवाळ्याने मुक्काम हलवला नव्हता. काचेच्या पलीकडे कुंपण, झाडं, शेजाऱ्यांची छपरं, सगळं पांढरं आणि गप्प होतं. अलीकडे मात्र वालाचे वेल वर चढत होते, अळूच्या पानांवर पाण्याचे मणी थरथरत होते, आणि मधोमध मोठ्या कुंडीत सोनचाफा उभा होता. त्याला यंदा पहिल्यांदाच कळी धरली होती. अपूर्वाला वाटत होतं, ती कळी आतल्या आत काहीतरी आठवतेय. आपण जोरात श्वास घेतला तर ती विसरून जाईल!

हे काचघर चित्रामावशीचं. तिने ते स्वयंपाकघराला लागूनच बांधून घेतलं होतं. इथे रोपं वाढवायची आणि थंडी सरली की ओळखीच्या मराठी घरांना वाटून टाकायची, हा तिचा दर वर्षीचा उद्योग. अपूर्वा आणि तिचा धाकटा भाऊ अनिश मिल्टनहून सुट्टीसाठी आले होते. सोबत अपूर्वाची मैत्रीण डॅनिएला होती, रिचमंड हिलची. तिचे आजी-आजोबा मूळचे अलिबागकडचे ज्यू. घरात मराठी बोलणारी आणि शाळेच्या रोबॉटिक्स क्लबमध्ये रमणारी अशी ही डॅनिएला. मावशी स्वतः ऑफिसच्या कामासाठी ओटावाला गेली होती आणि आज रात्रीच्या जेवणाला परत येणार होती.

आणि नेमका आजच कॉम्प्युटर गेला होता.

फळीखालच्या त्या जुन्या काळ्या डेस्कटॉपवर सगळं काचघर चालायचं. गारठा वाढला की तो हीटर सुरू करायचा, हवा कोरडी झाली की धुकं सोडणारं यंत्र.

मावशीचे यजमान नंदकुमारकाका गळ्यात हेडफोन लटकावून धावत आले. "काल यावर गेम कोण खेळलं?"



"ओन्ली वन राउंड!" अनिश पुटपुटला.

"बघा! जाळलात ना पॉवर सप्लाय! आज रात्री उणे वीस आहे. हीटर चालला नाही तर सकाळी हा चाफा काळा ठिक्कर पडलेला दिसेल. मावशीला काय तोंड दाखवायचं?"

गेम अपूर्वानेही खेळला होता. एका राउंडने खरंच चाफा मरेल?

"पण काका," डॅनिएला शांतपणे म्हणाली, "दिवाळीनंतरही एकदा पॉवर सप्लाय गेला होता ना? मावशीच फोनवर सांगत होती. तेव्हा तर आम्ही नव्हतो."

"तो योगायोग होता!" असं म्हणून काकांनी हीटर आणि धुक्याचं यंत्र हाताने सुरू केलं. मग कॉम्प्युटरचा प्लग काढला आणि मागचा चौकोनी डबा सोडवून बाजूला ठेवला. "थांबा, नवीन आणून ठेवलेलाच आहे माझ्याकडे. जबरदस्त डील होती!" ते बेसमेंटकडे पळाले.

मुलांनी त्या डब्याभोवती कोंडाळं केलं.

"हा नक्की करतो काय?" अपूर्वाने विचारलं.

"भिंतीतला करंट कॉम्प्युटरला जसाच्या तसा झेपत नाही," डॅनिएला म्हणाली. "हा डबा त्याला हवा तसा करून देतो. म्हणजे स्वयंपाकीच म्हण ना! हा आजारी पडला की सगळे उपाशी."

"आत बर्फ पडलाय!" अनिश जाळीतून डोकावत किंचाळला. खरंच! जाळीवर, पंख्याच्या पात्यांवर पांढरी भुकटी बसली होती. अनिशने लगेच स्क्रूड्रायव्हर उचलला.

"नो! खाली ठेव!" डॅनिएलाने त्याचा हात धरला. "प्लग काढला तरी आत करंट साठून राहतो. पॉवर सप्लाय कधीच उघडायचा नाही. आमच्या क्लबचा पहिला नियम आहे तो."

अपूर्वाने बोटाने जाळीवरची भुकटी टिपली. धूळ तर वाटत नव्हती. धूळ करडी असते. ही खडूसारखी होती, चिमटीत करकरणारी. हे कुठेतरी पाहिलंय आपण... तिने डोळे मिटले. सकाळचा चहा, वाफ, वाफेमागे खिडकी, आणि किटली!

"किटली!" ती उठून स्वयंपाकघरात पळाली. चहाच्या किटलीच्या तळाशी तोच पांढरा थर होता. "इथलं नळाचं पाणी! मावशी म्हणते ना, ग्वेल्फचं पाणी जड आहे, सगळीकडे क्षार बसतात."

"पण धुक्याच्या यंत्रात मावशी नळाचं पाणी घालतच नाही," अनिश म्हणाला. "शी मेल्ट्स स्नो! बर्फ वितळवून, फडक्यातून गाळून घालते."

"मावशी घालते," अपूर्वा म्हणाली. "पण ती गेल्या आठवड्यापासून इथे आहे कुठे?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

अपूर्वाने एक काळी बशी घेतली. तिच्यावर तीन थेंब सोडले. एक वितळलेल्या बर्फाचा, एक नळाचा आणि एक धुक्याच्या यंत्राच्या टाकीतला. कुठला कोणता हे लक्षात राहावं म्हणून प्रत्येकाशेजारी एक-एक डाळ ठेवली: तूर, मूग, मसूर. मग बशी घर तापवणाऱ्या भट्टीची गरम हवा येते त्या झरोक्याजवळ वाळत ठेवली.

तोवर काका नवा डबा घेऊन आले. काय त्याचा थाट! लाल रंग, चमचमणारे दिवे आणि वर हे एवढं मोठं '८५० वॅट'.

अनिशने तो उचलून पाहिला. "हा तर चिवड्याच्या रिकाम्या डब्याएवढा हलका आहे!"

डॅनिएला त्याच्या कडेचं बारीक लेबल वाचत होती. "काका, कॉम्प्युटर बहुतेक सगळी वीज बारा व्होल्टच्या तारांमधून घेतो. आणि इथे नुसते चोवीस अँपिअर लिहिलेत. दोन्हींचा गुणाकार म्हणजे खरे वॅट."

"बारा गुणिले चोवीस..." अनिशने बोटं नाचवली. "दोनशे अठ्ठ्याऐंशी! मग आठशे पन्नास कुठून आले?"

"आणि सुरक्षेच्या तपासणीचं चिन्हही नाही यावर," डॅनिएला म्हणाली.

"अरे, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे!" काका हसले. "तुमच्या जन्माआधीपासून कॉम्प्युटर हाताळतोय." त्यांनी डबा बसवला, स्क्रू पिळले आणि बटण दाबलं. दिवे लखलखले, पंखा घुरघुरला. "बघा! आता माझी मीटिंग आहे. हात लावायचा नाही कोणी!"

काका गेले. ऊन थोडं वर आलं आणि छपरावरच्या बर्फातून झिरपून खाली उतरलं, दुधासारखं. धुक्याचं यंत्र हलकेच सुसकारत होतं. अपूर्वा पुन्हा बादलीवर बसली. पांढरा पदर उलगडावा तसं धुकं वालावरून निघालं, चाफ्याला वळसा घालून पुढे गेलं आणि मग... मग ते वर नाही गेलं! वाकलं. जमिनीलगत सरपटत एका बारीक धारेसारखं फळीखाली शिरलं. तळ्यावर पाणी प्यायला कुणी मान खाली घालावी, तसा तो काळा डेस्कटॉप शांतपणे ते ओढून घेत होता.

"डॅनिएला," ती हळूच म्हणाली, जणू मोठ्याने बोललं तर ते दृश्य विरून जाईल. "बघ. तो धुकं पितोय."

डॅनिएलाने वाकून पाहिलं. "ओ माय गॉड! डबा गार राहावा म्हणून पंखा हवा ओढतो, आणि हवेबरोबर धुकं! पाणी आत सुकतं, क्षार तिथेच राहतात. थरावर थर! मग पंखा जाम, आत भट्टी, वर ओल..."

"कसला वास येतोय?" अनिशने नाक वर केलं.

प्लास्टिक जळल्याचा कडवट वास! अपूर्वा ताडकन उठली. "मागे व्हा! सगळे मागे!"

फट्!

निळसर ठिणगी उडाली. दिवे गेले, हीटर गेला, यंत्राचा सुसकारा थांबला. डब्यातून धुराची एक करडी वेल वर चढत गेली.

"काका!" डॅनिएला बेसमेंटकडे धावली. काका आले ते धापा टाकतच. त्यांनी आधी काचघराकडचा ब्रेकर पूर्ण बंद केला, मग प्लग उपटला. धूर थांबला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सगळे ठीक आहात ना? भाजलं नाही ना कुणाला?"

कुणाला काही झालं नव्हतं. पण सॉकेटमध्ये ओल शिरली होती. ते सुकेपर्यंत इकडची वीज चालू करायची नाही, असं काकांनीच ठरवलं. आणि काचांमधून थंडी आत यायला लागली होती. अळूचं एक पान आताच मलूल दिसत होतं.

"रोपं आत न्यायची!" अपूर्वा म्हणाली. "आधी चाफा!"

चाफ्याची कुंडी चौघांनाही उचलेना. अनिश गॅरेजमधून आपली बर्फावरची घसरगाडी घेऊन आला. कुंडी जराशी तिरपी करून त्यांनी ती गाडी खाली सरकवली. काका पुढून दोरी ओढू लागले, मुली मागून ढकलू लागल्या. अनिशने दोन्ही हातांची ओंजळ कळीभोवती धरली. "केअरफुल! उंबरठा आहे!" एक झोका, सगळ्यांचा श्वास अडकला, आणि चाफा डुलत डुलत स्वयंपाकघरात आला! त्याच्यामागून वाल आला, अंबाडी आली, अळू आलं. फ्रीजसमोर रान उभं राहिलं.

काका घाम पुसत खुर्चीत बसले. अपूर्वाने झरोक्याजवळची बशी आणून त्यांच्यापुढे ठेवली.

"काका, यातला बर्फाच्या पाण्याचा थेंब कुठला, सांगा बरं."

तुरीच्या दाण्याशेजारी काहीच उरलं नव्हतं. मूग आणि मसुरीशेजारी पांढरी कडी उमटली होती.

"हा काय, तुरीजवळचा," काका म्हणाले. "डाग नाही पडला."

"बरोबर! मूग म्हणजे नळाचं पाणी. आणि मसूर म्हणजे धुक्याच्या यंत्राच्या टाकीतलं."

काकांनी बशी उचलून उजेडात धरली. मग मुलांकडे पाहिलं.

"काल फोनवर तुम्ही मावशीला म्हणालात, 'हो हो, बर्फाचंच पाणी घालतोय!'" अनिशने हुबेहूब नक्कल केली.

काकांना हसू फुटलं आणि लाजही वाटली. "अरे, बाहेर जाऊन बर्फ आणा, वितळवा, गाळा... कंटाळा केला मी. नळ जवळ होता!" मग ते गंभीर झाले. "आणि डीलच्या नादात लेबलही वाचलं नाही. तुमच्यावर उगाच ओरडलो. सॉरी, मुलांनो. खरंच सॉरी. चला, आता तुम्ही निवडाल तोच पॉवर सप्लाय!"

बर्फ भुरभुरत होता. त्यातून हळूहळू गाडी चालवत ते दुकानात पोचले. काकांचा हात सवयीने सगळ्यात मोठ्या आकड्याकडे गेला.

"काका, एवढा कशाला?" अपूर्वाने अडवलं. "आपल्या कॉम्प्युटरला लागेल त्याहून थोडा जास्त असला की झालं."

डॅनिएला फोनवर वाचत होती. "हा करडा बघा. लोकांनी याला तापवून, पूर्ण लोड देऊन तासन् तास चालवून पाहिलंय. दुकानाची जाहिरात नाही, खरी टेस्ट आहे."

"बारा व्होल्टचा गुणाकार मोठ्या आकड्याच्या जवळपास येतोय!" अनिश लेबलावर नाक टेकवून म्हणाला. "चिन्ह पण आहे. आणि वॉरंटी... वॉव, मी हायस्कूल संपवेन तोपर्यंत!"

दिसायला अगदी साधा, ना दिवा ना झगमगाट, पण हातात घेतल्यावर भरीव लागणारा तो डबा घरी आला. काकांनी तो या वेळी मुलांना विचारत विचारत बसवला. आणि डेस्कटॉप? तो पुन्हा काचघरात गेलाच नाही. स्वयंपाकघराच्या कोरड्या कपाटात त्याला जागा मिळाली. तिथून फक्त तारा काचघरात नेल्या. सॉकेट सुकलं, काकांनी ते नीट तपासलं, ब्रेकर वर केला. पंखा इतका हळू फिरू लागला की कान लावूनच ऐकावा. सूर्य मावळायच्या आत रोपं आपापल्या जागी परतली आणि हीटरने उबदार सुस्कारा सोडला.

मावशी आली तेव्हा तिच्या टोपीवर बर्फाची फुलं होती. बूट काढायच्या आधीच अनिशने तिला सगळं सांगून टाकलं, ठिणगीच्या आवाजासकट. काकांनी पिठल्याच्या कढईआडून स्वतःचा गुन्हा कबूल केला.

मावशी काचघराच्या दारात उभी राहून बराच वेळ आत बघत राहिली. संध्याकाळच्या निळ्या उजेडात धुकं आता सरळ वर चढत होतं, पानापानाशी थांबत.

"कॉम्प्युटर तिथे मीच ठेवला होता," ती म्हणाली. "आणि दिवाळीच्या सुमारास बर्फ पडला नव्हता, तेव्हा मीही नळाचंच पाणी घालत होते. इतकी वर्षं मी रोपांचा श्वास बघतेय. यंत्रालाही श्वास लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही! डॅनिएला, तू होतीस म्हणून कुणी तो डबा उघडला नाही. अनिश, तुझा गुणाकार लाखाचा! आणि अपू..." तिने अपूर्वाला जवळ ओढलं. "लोक बघतात आणि पुढे जातात. तू बघत राहिलीस. म्हणून हे सगळं वाचलं."

अपूर्वाने तिला घट्ट मिठी मारली. मावशीच्या कोटावरचा बर्फ तिच्या गालावर वितळत होता, थंड आणि स्वच्छ, आणि कान मात्र आनंदाने गरम झाले होते.